चांदवा आणि घाबरट गिरजा

एक होता राजा, आणि त्याच्याकडे होत्या तीनशे घोड्या. राणी एकच होती, बरं का, आणि ती बिचारी लवकर देवाघरी गेली. पण घोड्या तीनशे. दिन्या, हसतोस काय? माझ्या माहेरी एकच घोडी होती, तर तिनं घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं होतं. तीनशे म्हणजे किती काम असेल, विचार कर. आणि ते पांघरूण एकट्याकडे ओढू नकोस, रंगूचे पाय उघडे पडलेत.

तर हा राजा राहायचा नदीच्या अलीकडे. पलीकडे दुसरा राजा. आणि पलीकडच्या काठाला लागूनच एक कुरण होतं. गवत कसं? तुमच्या छातीपर्यंत येईल असं, आणि बारा महिने हिरवं. कुरण आपल्या राजाचं, पण काठ पलीकडचा. म्हणून दोन्ही राजांच्या खापरपणजोबांनी एक नियम घालून ठेवला होता. दर दसऱ्याला आपल्या राजानं, नाहीतर त्याच्या वतीनं कुणीतरी, घोड्यावर बसून नदी पार करायची. घोडा कसा हवा? आपल्याच पागेत जन्मलेला, तीन वर्षांचा आणि ती नदी आधी कधीही न ओलांडलेला. म्हणजे दर वर्षी नवं जनावर. आणि मुख्य गोष्ट ही, की मध्ये घोड्यावरून उतरायचं नाही आणि पाय नदीच्या तळाला टेकवायचा नाही. टेकला, की कुरण पलीकडच्या राजाचं. आणि त्या दिवशी आपल्या सगळ्या घोड्या कुरणातच ठेवायच्या, त्याही मग त्याच्याच.

आपला राजा वीस वर्षं नदी पार करत आला होता. पण त्या वर्षी त्याची कंबर धरली. अशी धरली, की उठता येईना, बसता येईना. वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, यंदा घोड्याचं नाव काढायचं नाही."

त्यात पागेत तीन वर्षांमागं साथ आलेली. त्या साली जगलं एकच शिंगरू. काळंभोर, आणि कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका. म्हणून त्याचं नाव चांदवा. त्याची आई कुठून आली ते कुणाला ठाऊक नव्हतं. एका वावटळीतून दौडत आली, पागेत शिरली, शिंगरू दिलं आणि मेली. असल्या आईचं लेकरू, ते काय साधं असणार?

मग पहिल्यांदा चांदव्यावर बसायला आले सेनापती हैबतराव. मिशा अशा, की दोन्ही टोकांना लिंबू बांधलं तर लोंबकळत राहील. "अहो, असली छप्पन्न शिंगरं मी वठणीवर आणलीत," म्हणाले, आणि टाकली टांग. बसले मात्र, चांदवा लागला लहान व्हायला. हो, लहान! बघता बघता गाढवाएवढा झाला. हैबतरावांचे पाय जमिनीला लागले. घोडा मधे आणि ते आपले दोन पायांवर उभे.

मग आले पागेचे मोठे चाबुकस्वार. म्हणजे घोड्यांना शिकवणारे. त्यांनी हवेत चाबूक काडकन वाजवला, ओठ घट्ट मिटले आणि बसले. चांदवा झाला शेळीएवढा. चाबुकस्वार खाली बसले ते शेळीवरच, आणि शेळी, म्हणजे घोडा, त्यांना घेऊन तुरुतुरु चाऱ्याकडे निघाला.

मग आला राजाचा भाचा. पैलवान. दंड थोपटून म्हणाला, "मामा, मला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही." चांदवा थेट मांजराएवढा झाला आणि त्याच्या दोन पायांमधून निघून गेला. पैलवान मातीत बसला. हसा, हसा. सगळे लोकही असेच हसले. पण हसून झाल्यावर बोटं मोजायला लागले, कारण दसरा दोन महिन्यांवर आलेला.

आता लोकांनी आपल्या डोक्यानं एक गोष्ट ठरवून टाकली. म्हणाले, हा घोडा भित्र्या माणसाखाली लहान होतो. मनात भीती नाही त्यालाच पेलेल. मग काय! बोलावलं, की जो तो सांगायचा, "मी? मी नाही बाबा घाबरत. पण आज माझा पाय मुरगळलाय." राज्यातले निम्मे पाय त्या आठवड्यात मुरगळले.

राजाला एक मुलगी होती. तिचं नाव गिरजा. वय असेल चौदा. गिरजा घोड्यांना भ्यायची. नुसती नाही, फार भ्यायची. सात वर्षांची असताना ती घोड्यावरून पडली होती आणि हात मोडला होता. हात जुळला, पण भीती काही गेली नाही. घोडा समोरून आला, की ती भिंतीला चिकटून उभी राहायची. आणि गंमत बघा, रोज सकाळी गच्चीवर बसून नदीपलीकडे चरणाऱ्या घोड्या बघायची तीच. तीनशेच्या तीनशे घोड्या तिला नावानं माहीत. लांबून जीव लावणाऱ्या मुलीला जवळ जायची भीती. असं असतं बाई काहीकाहींचं.

त्या संध्याकाळी राजा गच्चीवर आला. हळूहळू, कमरेवर हात ठेवून. म्हणाला, "गिरजे, नीट बघून घे. पुढच्या वर्षी या घोड्या आपल्या नसतील." एवढं बोलला आणि त्याचे डोळे भरून आले. बापाला रडताना गिरजानं कधी बघितलं नव्हतं. तिला रात्रभर झोप आली नाही. तुम्हाला नाही का येत, घरात कुणी रडलं की?

सकाळी उठली आणि गेली थेट भिवराबाईकडे.

भिवराबाई कोण? पागेच्या मागं झोपडीत राहणारी म्हातारी. तिचा नवरा चाबुकस्वार, सासरा चाबुकस्वार, आणि खरं सांगायचं तर दोघांनाही शिकवायची ती. चांदव्याची आई मेली तेव्हा शेळीचं दूध पाजून त्याला वाढवलं हिनंच. वाकलेली, दात दोन, पण आवाज असा, की घोडा बिचकण्याआधी माणूस बिचकेल.

गिरजा म्हणाली, "भिवरामावशी, मला चांदव्यावर बसायला शिकवा."

म्हातारीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तू व्हय? तू तर माझ्या शेळीला बी भितीस."

"भिते. पण दुसरं कुणी उरलं नाहीये."

"ह्ये खरं बोललीस," म्हातारी म्हणाली. "ये उद्या. आन येताना सूप घेऊन ये."

सूप कशाला? ऐका तर. दुसऱ्या दिवशी भिवराबाईनं गिरजाला नेलं काटेरी कुंपणाच्या गोल वाड्यात. आत चांदवा मोकळा. मधोमध ठेवलं हरभऱ्याचं पोतं. म्हणाली, "हितं बसायचं. पाठ त्याच्याकडं करायची. आन हरभरं निवडायचं. त्याच्याकडं बघायचं न्हाई, हात लावायचा न्हाई, गोंजारायचं न्हाई. आठ दिस."

"एवढंच?"

"एवढंच जमलं तरी पुष्कळ हाय."

मग बसली गिरजा. मागं टापा वाजल्या, की तिच्या मानेवर काटा यायचा. पहिल्या दिवशी चांदवा लांबच राहिला. तिसऱ्या दिवशी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर लोळत जरा जवळ आला. घोडा बघा, मोठा चौकस प्राणी. त्याच्या मागं लागलात, की तो पळणार. त्याच्याकडे पाठ केलीत, की त्याला चैन पडत नाही. ही कोण बाई आहे, माझ्याकडे बघत का नाही, आणि त्या सुपात काय आहे? सातव्या दिवशी गिरजाच्या कानामागं गरम श्वास आला. आठव्या दिवशी एक काळं नाक तिच्या खांद्यावरून पुढं आलं आणि सुपातले निवडलेले हरभरे खाऊन गेलं. खडे तेवढे ठेवले. गिरजा भीतीनं थिजली होती, पण तिला हसूही आलं.

ही झाली पहिली पायरी.

मग दुसरी. दोर हातात धरायचा आणि दोघांनी फिरायचं. बसायचं नाही, नुसतं बरोबर चालायचं. पागेच्या दारात धोतर वाळत घातलेलं असायचं, ते वाऱ्यानं फडफडायचं. चांदवा चारही पाय रोवून उभा राहायचा. गिरजा दोर ओढायची, तो मागं ओढायचा.

"ओढू नगं," भिवराबाई ओरडायची. "त्येला बघू दे! तू बी बघ. बघून झालं की त्योच म्हनंल, चला."

मग दोघं उभी राहायची आणि धोतर बघायची. तिकडून कुणी गेलं, तर त्याला वाटायचं, राजकन्या आणि घोडा त्या धोतराची पूजा करताहेत. पण थोड्या वेळानं चांदवा मान खाली घालायचा, फुर्र करायचा आणि निघायचा. मग पखालवाल्याचा रेडा बघितला. मग दसऱ्याचा नगारा बघितला. नगाऱ्याला तीन दिवस लागले, कारण त्यातले दोन दिवस गिरजाच दचकत होती.

ही दुसरी पायरी. झोपलीस का गं, रंगू? नाही ना? मग ऐक, आता खरी गंमत आहे.

तिसरी पायरी ओझ्याची. आधी चांदव्याच्या पाठीवर रिकामं पोतं. मग अर्धं भरलेलं. मग गिरजानं पोटावर आडवं व्हायचं, पोत्यासारखंच, डोकं एकीकडे आणि पाय एकीकडे. चांदवा एक पाऊल चालला, आणि गिरजा किंचाळली, "आई गं! पडते, पडते, मावशी, मी मरते!" भिवराबाई हसून हसून खाली बसली. चांदवा मात्र शांत चालत राहिला. आणि बरं का, तेव्हा तो बोटभरही लहान झाला नव्हता. पण ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग आला बसायचा दिवस. खोगीर घातलं, लगाम चढवला. आणि नेमका त्या दिवशी राजा बघायला आला, कुंपणाला धरून उभा राहिला. बरोबर हैबतराव. गिरजाच्या मनात आलं, आबांसमोर आपण शूर दिसलं पाहिजे. त्यांना बरं वाटेल. मग तिनं दात आवळले, मान ताठ केली आणि बसली.

चांदवा लागला लहान व्हायला.

"घाबरू नगं, लेकी!" भिवराबाई ओरडली.

"मी नाही घाबरले," गिरजा म्हणाली. चांदवा गाढवाएवढा झाला.

"अगं, घाबरू नगं!"

"नाही घाबरले म्हणते ना!" चांदवा शेळीएवढा झाला. गिरजाचे पाय मातीत.

राजानं कुंपण सोडलं. वळला आणि निघून गेला. त्याची ती वाकलेली पाठ बघून गिरजाला काय वाटलं असेल, सांगा बरं. ती तिथंच मातीत, शेळीएवढ्या घोड्याच्या गळ्याला मिठी मारून हमसाहमशी रडायला लागली. "घाबरलेय रे मी! खोटं बोलले. तू उधळशील आणि माझा हात पुन्हा मोडेल असं वाटतंय मला. फार घाबरलेय."

आणि काय सांगू! तिच्या मिठीतली मान जाड व्हायला लागली. खांदे वर गेले. पाठ वर गेली. गिरजा अजून त्याच्या अंगावरच होती, तीही वर वर गेली. डोळे पुसून बघते तर पाय जमिनीपासून हातभर उंच, आणि चांदवा उभा आहे आपला, पूर्ण घोड्याएवढा, कान टवकारून.

भिवराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आता गं बया! म्हंजी ह्यो भीतीनं ल्हान हुत न्हाई. भीती दडवली की ल्हान हुतो! तोंडानं येक आन मांडीनं येक, मग जनावरानं इस्वास ठेवायचा कुनावर? साठ वरसं झाली, पोरांना घोड्यावर बसवून मी आपली वरडतीया, घाबरू नका, घाबरू नका. आन पोरं आपली दडवत्यात. माझीच चूक ही. सगळ्यांत मोठी खुळी मीच."

साठ वर्षांची चूक अशी तोंडानं कबूल करायला केवढं धैर्य लागतं! मला नसतं जमलं.

मग पुढं सोपं झालं का? छे. पण निदान वाट सापडली. गिरजा रोज सकाळी चांदव्याच्या कानात सांगायची. "आज त्या रेड्याची धास्ती वाटतेय." "आज त्या ओढ्याची भीती वाटतेय." "आज काही नाही वाटत, चल." सांगितलं, की तिचे खांदे आपोआप सैल व्हायचे, लगाम सैल व्हायचा, आणि चांदवाही मोठा श्वास सोडायचा. आधी चालणं, मग दुडकी चाल, मग भरधाव दौड. पडली का? पडली ना. तीन वेळा. एकदा थेट शेणात. चांदवा दर वेळी थांबायचा आणि वळून बघायचा, ही खाली का उतरली?

आणि मग उगवला दसरा.

दोन्ही काठांवर माणसंच माणसं. अलीकडे नगारे, पलीकडे नगारे. पलीकडच्या काठावर तो राजा उंच आसनावर बसला होता. त्यानं तर घोड्या न्यायला दोरखंडसुद्धा आणून ठेवले होते. नदीच्या मधोमध होडीत दोघं म्हातारे नावाडी, एक इकडचा, एक तिकडचा. पाय टेकतो की नाही ते बघायला.

गिरजा घोड्यावर बसली. तेवढ्यात हैबतराव लगबगीनं आले आणि हळूच म्हणाले, "बाईसाहेब, एक विनंती. ते कानात सांगायचं पागेत ठीक आहे. पण आज दोन राज्यं बघताहेत. राजघराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. घाबरले बिबरले काही म्हणू नका." गिरजानं मान हलवली. तिलाही पटलं. चौदा वर्षांची पोर, एवढी माणसं बघताहेत. कुणाला नाही पटणार?

मग चांदवा पाण्यात उतरला. घोट्याएवढं पाणी. गुडघ्याएवढं पाणी. गिरजाला भीती वाटली, तिनं ती गिळून टाकली. मान ताठ. ओठांवर हसू. लोक म्हणाले, वाहवा!

पण तिला कळलं. खोगीर खाली चाललं होतं. पाणी तिच्या पोटरीला लागलं. मग गुडघ्याला लागलं. नदी खोल होत होती, आणि घोडा लहान होत होता. पलीकडच्या काठावर कुणीतरी ओरडलं, "अरे, गाढव झालं, गाढव!" आणि हशा पिकला. पाणी गिरजाच्या कमरेला आलं. चांदव्याच्या नुसत्या नाकपुड्या वर. तिनं पाय जवळ ओढून घेतले. तळाची वाळू खाली वीतभर राहिली. होडीतले नावाडी वाकून बघायला लागले. पलीकडचा राजा उठून उभा राहिला.

गिरजा कुजबुजली, "चांदवा, थोडी घाबरलेय रे."

चांदवा लहान व्हायचा थांबला. पण वाढला मात्र नाही. कारण थोडी हे काही खरं नव्हतं, आणि तिलाही ते ठाऊक होतं.

मग गिरजानं डोळे मिटले. अब्रू गेली खड्ड्यात, म्हणाली मनात. घोड्या जाणार त्यापेक्षा अब्रू गेलेली बरी. आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ती ओरडली, "मी घाबरलेय!"

दोन्ही काठांवर माना वळल्या. मग पलीकडचे लोक खो खो हसले. पण चांदवा हातभर वाढला.

"पाण्याला घाबरलेय!"

पुन्हा हसले. पण आता जरा कमी. चांदवा आणखी हातभर वाढला. पाणी गुडघ्यावर आलं.

"मी पडले तर आबांच्या घोड्या जातील! त्या तीनशेही माझ्या ओळखीच्या आहेत, आणि त्यांना कुणी दोर लावून ओढत नेलं तर मला सहन होणार नाही. म्हणून सगळ्यांत जास्त घाबरलेय!"

आता कुणीही हसलं नाही. पलीकडेसुद्धा घोडी सांभाळणारी माणसं होतीच की. त्यांनी माना खाली घातल्या.

आणि चांदवा! तो वाढला, वाढला, पूर्ण घोड्याएवढा झाला आणि तरी थांबेना. राजाच्या अंबारीच्या हत्तीएवढा झाला. नदी त्याच्या गुडघ्याला लागेना. त्यानं मान वर करून अशी खिंकाळी फोडली, की अलीकडचा नगारा आपोआप वाजला. गिरजानं लगाम सैल सोडला आणि आयाळ मुठीत धरली. तीन ढांगांत नदी पार! काठ चढून चांदवा जो कुरणात शिरला, तो तीनशे घोड्या माना वर करून त्याच्यामागं दौडत सुटल्या. पुढं हत्तीएवढा काळा घोडा, वर एवढीशी पोर, आणि मागं तीनशे घोड्या! गिरजा रडत होती, हसत होती आणि अजूनही ओरडत होती, "घाबरलेय मी! घाबरलेय! अजून जोरात, चांदवा!"

अलीकडे लोकांनी पागोटी हवेत उडवली. भिवराबाईनं तर हैबतरावांच्या पाठीत असा धपाटा घातला, की त्यांची मिशी एका बाजूनं खाली आली.

मग पलीकडचा राजा तणतणत आला. "हे चालणार नाही! हिनं सगळ्यांदेखत कबूल केलंय, की ही घाबरली. भित्र्या माणसाला कुरण कसलं?"

गिरजा वरूनच म्हणाली, "महाराज, पाय टेकू नये असा नियम आहे. घाबरू नये असं त्यात कुठं लिहिलंय?"

दोघा नावाड्यांनी एकमेकांकडे बघितलं. तिकडचाच म्हातारा पुढं झाला आणि हात जोडून आपल्या राजाला म्हणाला, "सरकार, पाय भिजलं, पर टेकलं न्हाईत." झालं! राजानं आणलेले दोरखंड तसेच परत गेले.

संध्याकाळी गिरजा होडीतून अलीकडे आली. राजा पाण्याच्या कडेलाच उभा होता. त्यानं तिला जवळ घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "गिरजे, एक सांगू? मीही घाबरायचो. दर दसऱ्याला. वीस वर्षं. आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही."

"मग आबा, तुम्ही कधी सांगितलं कसं नाहीत?"

"कुणाला सांगू, पोरी? राजाला कुणी विचारतच नाही."

गिरजानं वर त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता मी विचारत जाईन."

आणि ती खरोखरच विचारायची. रोज जेवायला बसलं, की आधी विचारायची, "आबा, आज कशाची भीती वाटली?" राजा सांगायचा. कधी साथीची, कधी दुष्काळाची, आणि एकदा तर पालीची. मग ती सांगायची. मग दोघं पोटभर जेवायची. राजाच्या कमरेचं दुखणं निम्मं कमी झालं, आणि उरलेलं निम्मं म्हातारपणाचं होतं, ते राहिलं.

गिरजा पुढं पागेची मोठी चाबुकस्वार झाली. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं लांबलांबपर्यंत नावाजली गेली. कुरण हिरवं राहिलं, घोड्या चरत राहिल्या, आणि नदीच्या दोन्ही अंगांना सगळे सुखानं नांदले, तसेच तुम्हीही नांदा.

चला आता. दिन्या, मगाशी तू अंगणातून पळत का आलास, ते मला ठाऊक आहे. उद्या सकाळी सांग, मी हसणार नाही. रंगू तर कधीच झोपली वाटतं. तूही मीट बघू डोळे.